धाकू मास्तरांची चाल

दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तरी रस्त्यात कुणी ना कुणी अडवतंच. "दादा, ते गाणं आहे बघा," असं म्हणून भिवंडीत भर तीनबत्ती नाक्याच्या गर्दीत माणूस गुणगुणायला लागतो. मागून रिक्षावाला शिव्या घालत असतो आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून एका अंतऱ्यावर डोकं खाजवत असतो. सवय लागली ती लागली.

माझा धंदा कॅसेट भरून देण्याचा. आजच्या मुलांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन यायचं. ती गाणी माझ्याकडच्या तबकड्यांवरून, कॅसेटींवरून, पुढेपुढे सीडीवरून एकेक करून त्या कॅसेटवर उतरवायची. यात घाई चालत नाही. तासाची कॅसेट भरायला तासच लागतो आणि तो सगळा वेळ कान देऊन बसावं लागतं. मध्ये पट्टी अडखळली, आवाज बसला, तर परत पहिल्यापासून. पंचवीस वर्षं मी असा बसून ऐकत होतो.

दुसरं काम गाणं ओळखून देण्याचं. यातली मेख अशी, की गिऱ्हाइकाला गाण्याची सुरुवात सहसा आठवत नाही. त्याच्या डोक्यात मधलाच कुठलातरी तुकडा अडकलेला असतो आणि तो तीच सुरुवात समजून गातो. म्हणून मी पहिल्यांदा विचारायचो, "याच्या आधी काय आहे?" नवशिके दुकानदार मुखडे शोधत बसायचे. मी उलट्या बाजूने जायचो. या एका युक्तीवर माझं नाव झालं होतं, हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी लाज निघायची आहे.

गिऱ्हाइकांचे नमुने तर विचारू नका. दापोड्याचे एक गृहस्थ हळदीची कॅसेट घेऊन आले. मायकवरून पाहुण्यांची नावं पुकारली होती, त्यातलं साडूचं नाव तेवढं काढून टाका म्हणाले. भांडण ताजं होतं. मी काढून दिलं. वर्षभराने तेच परत आले, "घाला परत." आता कुठून घालू? आणखी एक लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, कामगार होता, आझमगडकडचा. डोळे गेले म्हणून कायमचा गावी निघाला होता. त्याला गाणी नको होती. "दादा, मेरे को लूम की आवाज भर के दो. गाँव में नींद नहीं आती." मी मशीन घेऊन त्याच्या कारखान्यात गेलो आणि दोन्ही बाजू खटखटीने भरून दिल्या. ती कॅसेट भरताना मात्र मी शेवटपर्यंत बसू शकलो नाही.

पण आज जे सांगायचं आहे ते हिराजी मास्तरांबद्दल.

हिराजी मास्तर राहनाळचे. जातिवंत क्लॅरिनेटवाले. आमच्या तालुक्यात त्यांच्या बँडशिवाय आगरी लग्न पार पडत नसे. साठी ओलांडली होती, दात दोन-तीनच उरले होते, तरी वाद्य तोंडाला लावलं की मांडव हलायचा. दोन हजार सालानंतर आमच्याकडे आगरी गाण्यांच्या सीडीची लाट आली, त्या दिवसांत एका दुपारी ते दुकानात आले आणि काउंटरवर एक नवीकोरी सीडी ठेवली.

"चवथा नंबर लावा, शेट."

मी लावला. वरातीची चाल होती. ढोलकी, की-बोर्ड, वर कुणीतरी चावट शब्द बसवलेले. ही चाल भिवंडी तालुक्यात ठाऊक नसलेला माणूस मिळणार नाही. नवरदेव मांडवातून निघाला की बँड हीच वाजवणार. सहा मात्रांची, धावती, पहिल्याच सुराला वर उडी मारणारी. पंगतीत बसलेला माणूससुद्धा हात न धुता उठतो.

"ही चाल आमचे बापसाची हाय," मास्तर म्हणाले. "धाकू मास्तराची. आनी यांनी कवरावर काय लिवलंय वाचा."

मी वाचलं. संगीत : पारंपरिक.

"पारंपरिक म्हंजे कोनाचीच न्हाय, बरोबर? मंग माजा बापूस कोनीच न्हवता का?"

ते सीडी काढणाऱ्या कंपनीच्या मालकाकडेही जाऊन आले होते. मालक तसा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला होता, मास्तर, पुरावा आणा, पुढच्या आवृत्तीत नाव टाकतो. पुरावा कुठून आणणार? धाकू मास्तरांची हाताने लिहिलेली वही होती, ती खाडीचं पाणी घरात शिरलं त्या वर्षी गेली. मास्तरांना एक पैसाही नको होता. बापाचं नाव हवं होतं. "मी मरन्याचे आदी" असंही म्हणाले. मी शब्द दिला.

मग माझा तपास सुरू झाला. आधी पुस्तकं पाहिली. आपल्याकडे लोकगीतांचे छापील संग्रह कमी नाहीत, पण त्यांत शब्द असतात, सूर नसतात. गाण्याखाली "चाल वरातीची" एवढं छापून संपादक मोकळे झालेले. मग मी गावागावांतून लग्नाच्या जुन्या कॅसेटी गोळा करायला लागलो. घराघरांत त्या पडून असतात, बुरशी धरलेल्या. स्पिरिटने पुसायच्या, तुटलेली पट्टी जोडायची, मग ऐकायच्या. प्रत्येक कॅसेटमध्ये ही चाल सापडत गेली आणि मी एकेक लग्न मागे सरकत गेलो.

शेवटी वडप्याला घबाड मिळालं. तिथल्या एका पाटलांनी जुनं घर पाडून गोडाऊन बांधायला काढलं होतं. सामान अंगणात पडलं होतं, त्यात एका पेटीत मोठ्या चाकाच्या टेपची रिळं निघाली. त्यांच्या चुलत्याच्या लग्नातली. मी माझ्या जुन्या मशीनवर ती चढवली. खरखर, कुत्र्याचं भुंकणं, मग मायकवरचा माणूस : "आता आपले धाकू मास्तर आपली सोताची चाल वाजवतील!" आणि मग क्लॅरिनेट. असा सूर मी पुन्हा ऐकला नाही.

हिराजी मास्तरांना बोलावून ते ऐकवलं. म्हातारा यंत्रासमोर उकिडवा बसला आणि हात जोडून ऐकत राहिला. बाप जाऊन तीस वर्षं झाली होती.

आता पुरावा मिळाला होता. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्याच आठवड्यात जैबून खाला दुकानात आल्या.

खाला कोकणी मुसलमानांच्या जुन्या घराण्यातल्या. त्यांचा मुलगा आयर्लंडमध्ये डॉक्टर आहे. त्याने आईला तिकडच्या बाजाची सीडी पाठवली होती. "ही थाली माझ्या टेपमध्ये जात नाय, बेटा," खाला म्हणाल्या, "कॅसेट भरून दे. लेक काय ऐकतो ते तरी कळंल." मी भरायला लावली. फिडल, बासरी, सगळ्या नाचाच्या चाली. आठवी सुरू झाली आणि माझे हात जिथल्या तिथे थांबले.

वेग दुप्पट होता, हरकती अनोळखी होत्या, आणि ती एका दुसऱ्याच चालीतून निघून तिसरीत मिसळत होती. पण मधूनच आपली वरात निघाल्यासारखं वाटायचं. पुन्हा लावली, पुन्हा तसंच. मग मी आमच्या चालीची सुरुवात आणि तिची सुरुवात हार्मोनियमवर शेजारी शेजारी काढून पाहिली. जुळली नाही. एक वर जाते, एक खालीच घुटमळते. कव्हरावर त्या चालीचं नाव नव्हतं, फक्त तिकडच्या भाषेत "पारंपरिक".

नाक्यावरच्या सायबर कॅफेत बसून मी डॉक्टरला पत्र पाठवलं. तो भला माणूस. त्याने कळवलं की इथे जुन्या चालींचं एक ग्रंथालय आहे, शेसव्वाशे वर्षांपूर्वी लोकांनी गावोगाव फिरून, वादकांकडून ऐकून लिहून घेतलेल्या चालींचे संग्रह तिथे आहेत. मी हिराजी मास्तरांकडून ती चाल नुसत्या क्लॅरिनेटवर वाजवून घेतली आणि कॅसेट टपालाने धाडली. मास्तरांना एवढंच सांगितलं, की एका जाणकाराला ऐकवायची आहे. खालांच्या सीडीबद्दल बोललो नाही.

दीड महिन्याने उत्तर आलं. ग्रंथालयातल्या बाईंनी लिहिलं होतं : आमच्याकडे चाली त्यांच्या सुरुवातीच्या सुरांवरून लावलेल्या असतात, आणि या सुरुवातीची चाल आमच्या कुठल्याही छापील संग्रहात नाही. पुढे आणखी एक वाक्य होतं : तरी ती ऐकताना ओळखीची का वाटते, ते सांगता येत नाही.

हे दुसरं वाक्य मी कुणालाही वाचून दाखवलं नाही. खरं तर मी ते स्वतःही धड वाचलं नाही. मला "नाही" हवं होतं, ते मिळालं. त्याच दिवशी मी राहनाळला जाऊन सांगून आलो, "मास्तर, जगात शोधून आलो. चाल तुमच्या वडिलांचीच." कंपनीला सहीनिशी पत्र लिहून दिलं, सोबत वडप्याचं रेकॉर्डिंग जोडलं. दोन-अडीच महिन्यांत नवी आवृत्ती आली. चौथ्या गाण्यासमोर छापलं होतं : मूळ चाल, धाकू पोशा, राहनाळ. मास्तरांनी घरोघर पेढे वाटले. ते कव्हर चौकट करून वडिलांच्या फोटोशेजारी लावलं आणि त्यालाही हार घातला.

पुढच्या लग्नसराईत त्यांनी मला दापोड्याच्या एका लग्नाला आग्रहाने नेलं. भर दुपारी नवरदेव निघायची वेळ झाली. बँडमध्ये कॉर्नेटवाला नवा होता, तो भलत्याच ठिकाणाहून सुरू करायला लागला. मास्तरांनी त्याला थांबवलं.

"वरून उचल, वरून! खालचा भाग मंगेन."

मग माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाले, "ही बापसाची अक्कल हाय, शेट. चाल मुलातली खालून सुरू व्हते. खालून वाजवली का मानसा जेवत रवतात. बापसानी वरचे सुरांचा भाग आदी घेतला. वाजली का उठलीच मानसा!"

"मुळातली म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे... बापूस असाच बोलायचा. मुलातली खालून हाय, मी वरून केली." एवढं बोलून त्यांनी वाद्य उचललं आणि वरात निघाली.

मी मात्र मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. पंचवीस वर्षं मी गिऱ्हाइकांना विचारत आलो होतो, याच्या आधी काय आहे? आणि ज्या एका वेळी ते विचारायचं, त्याच वेळी मी विचारलं नाही. सुरुवातीला सुरुवात लावून मोकळा झालो. तिकडच्या बाईंनी त्यांच्या पद्धतीने बरोबरच शोधलं होतं. आमची वरात चालीच्या मध्यापासून निघते, हे त्यांना कुणी सांगायचं? ते मीच सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेतून चार ओळी पाठवल्या : कॅसेटवरचा दुसरा भाग आधी धरा आणि पुन्हा शोधा. या वेळी उत्तर चार दिवसांत आलं. चाल तीन संग्रहांत होती, तिन्हीकडे वेगळ्या नावांनी. एकीकडे कुठल्याशा म्हातारीच्या कोंबडीचं नाव, दुसरीकडे एका पुलाचं, तिसरीकडे नुसता आकडा. सगळ्यात जुना संग्रह धाकू मास्तरांच्या जन्माच्याही आधीचा. पाठोपाठ टपालाने पानांच्या झेरॉक्स आल्या.

तीन आठवडे ते पाकीट माझ्या गल्ल्याखाली पडून होतं. सांगू नये असं रोज वाटायचं. कुणाचं काय बिघडत होतं? कव्हर छापून झालं होतं, म्हातारा सुखात होता. पण माझ्या सहीचं पत्र कंपनीत होतं आणि ते खोटं होतं, ही टोचणी काही जाईना. शेवटी पाकीट घेऊन राहनाळला गेलो.

मला तिकडची पाच रेघांवरची सुरांची लिपी वाचता येत नाही. मास्तरांना येते, बापानेच शिकवलेली. मी सगळ्यात जुन्या संग्रहाचं पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, ओठांतल्या ओठांत सूर मोजले. मग क्लॅरिनेट जोडलं, पान उशीला टेकवून ठेवलं आणि वाजवायला लागले. खालचा भाग, सावकाश, दोनदा. मग वरचा भाग आला. घरातून सून ओरडली, "बाबा, आज उलटी कशी वाजवता?"

मास्तर थांबले. पानाच्या कोपऱ्यातलं साल वाचलं. वाद्य मांडीवर ठेवलं.

"बापूस पयला देवलालीला पलटनीचे बँडात व्हता," ते म्हणाले. "गोऱ्या साहेबांचे. ही लिपी तिथंच शिकला." मग माझ्याकडे पाहिलं. "शेट, माजा बापूस चोर का?"

आयुष्यात मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले, एवढा अवघड एकही नव्हता. मी आधी माझी चूक कबूल केली. खालांची सीडी ऐकली होती, लपवली होती, पत्रातलं एक वाक्य गिळलं होतं, सगळं सांगितलं. मग म्हणालो, "मास्तर, तिकडेही ही चाल कुणाची ते कुणाला ठाऊक नाही. ऐकली, वाजवली, पुढे दिली. तुमच्या वडिलांनीही पलटणीतल्या कुणा आयरिश शिपायाकडून ऐकली असेल. पण तिकडच्या तिन्ही पुस्तकांत ती खालून सुरू होते. वरून सुरू करणारा मला एकच माणूस सापडला."

"येवडाच त्याचा?"

"एवढंच."

मी समजत होतो, म्हातारा मला घराबाहेर काढेल. त्याने तसं केलं असतं तरी मी काही म्हणालो नसतो. ते उठले, भिंतीवरचं कव्हर काढलं, चौकटीवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि माझ्यासमोर ठेवलं.

"मंग येवडाच लिवा. जास्त नको, कमी बी नको."

आम्ही दोघं कंपनीच्या मालकाकडे गेलो. मालक हसला. म्हणाला, "मास्तर, आता कोण सीडी घेतंय? सगळं मोबाइलमध्ये चाललंय. पुढची आवृत्ती निघणारच नाही. राहू द्या ना वडिलांचं नाव. कुणाला काय कळतंय?"

"मना कलतंय ना," मास्तर म्हणाले.

नाव छापून घ्यायला ते दोन वर्षं झगडले होते. तेच नाव काढून घ्यायला त्यानंतर जवळजवळ तेवढेच दिवस हेलपाटे घातले. झालं काहीच नाही. ती सीडी अजून लोकांच्या घरांत आहे, तिच्यावर माझ्या पत्रामुळे छापलेली ओळही आहे. कव्हर त्यांनी पुन्हा भिंतीवर लावलं नाही. वरातीला चाल मात्र वरूनच वाजवत राहिले, शेवटच्या लग्नसराईपर्यंत. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मी खांदा द्यायला होतो. बँडवाल्यांनी वाजवायचं का म्हणून विचारलं, थोरल्या मुलाने नको म्हणून सांगितलं.

या अंकाच्या संपादकांनी "धंद्यातल्या आठवणी" लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा मला आणखी शंभर मजेदार गिऱ्हाइकं आठवली. ती राहू देत. मालकाकडे न्यायला मास्तरांनी मला मजकूर सांगितला होता, त्याला कव्हरावर जागा मिळाली नाही, ती इथे मिळते आहे. त्यांच्या शब्दांचं मी फक्त शुद्धलेखन केलं आहे.

चाल : आयर्लंड देशातली, जुनी. रचणारा माहीत नाही.

वरचा भाग आधी घेऊन वरातीला बसवली : धाकू पोशा, राहनाळ.

आणि ही तिसरी ओळ मास्तरांनी सांगितलेली नाही, ती माझी आहे. खरं काय ते वाजवून पाहिलं आणि मान्य केलं : त्यांचा मुलगा, हिराजी.